एका दिवसाची दिल्ली आणि प्रवासवर्णनातले 'आम्ही'

प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार शिकवताना आम्ही वर्षानुवर्षे एक टीप देत आलो आहोत. स्थळांची जंत्री म्हणजे प्रवासवर्णन नव्हे. प्रदेशाशी आणि तिथल्या माणसांशी लेखकाचे नाते जुळावे लागते, त्यासाठी सवड लागते, मुक्काम लागतो. एका दिवसात शहर उरकणाऱ्याने त्यावर लिहू नये. विद्यार्थी ही टीप उतरवून घेतात, परीक्षेत जशीच्या तशी लिहितात आणि आम्ही तिला गुण देतो. टिपेत खोटे असे काही नाही. पण तिच्यात कोणाची तरी सोय दडलेली आहे. ती नेमकी कोणाची, हा प्रश्न २० फेब्रुवारी २०२५ रोजी दिल्लीत दिवसभर पायपीट करेपर्यंत आम्हाला पडला नव्हता.

आमचे वास्तव्य ताडकळसचे. परभणी जिल्ह्याच्या पूर्णा तालुक्यातले हे बाजार समितीचे गाव. तूर आणि सोयाबीनच्या भावावर इथला दिवस चढतो आणि उतरतो. इथून दिल्ली 'पाहायला' म्हणून सहसा कोणी जात नाही. जातात ते स्पर्धा परीक्षेच्या शिकवणीला, मोर्चाला, दुखण्याखुपण्याला किंवा अमृतसरच्या वाटेवर. काम झाल्यावर परतीच्या गाडीपूर्वी जो एखादा दिवस उरतो, त्यात दिल्ली पाहिली जाते. आम्हीही निमित्तानेच गेलो. ९८वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन २१ ते २३ फेब्रुवारीला दिल्लीत होते आणि आदला दिवस मोकळा होता. सोबत पदवीच्या शेवटच्या वर्षाचा एक विद्यार्थी. दोघांच्या पाठीवर एकेक सॅक, तीत दोन कपडे, दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि पाण्याची बाटली. एवढ्या सरंजामावर राजधानी पाहायची होती.

आता मराठी प्रवासवर्णनाची जी परंपरा आम्ही शिकवतो ती पाहा. अनंत काणेकरांचे 'धुक्यातून लाल ताऱ्याकडे' (१९४०), गंगाधर गाडगीळांचे 'साता समुद्रापलीकडे' (१९५९), पु. ल. देशपांड्यांची 'अपूर्वाई' (१९६०) आणि 'पूर्वरंग' (१९६३), अलीकडच्या मीना प्रभूंची एकेका देशावरची पुस्तके. या लेखकांचे ऋण आम्ही नाकारत नाही. आशियातली कित्येक शहरे मराठी वाचकाने प्रथम 'पूर्वरंग'मध्येच पाहिली. पण या पुस्तकांतला प्रवासी बहुधा सवड, साधने किंवा ओळखीपाळखी असलेला आहे. शहर त्याला थोडेबहुत वेळ देते. आमच्या टिपेतली 'सवड' ही अट याच पुस्तकांवरून बेतलेली आहे, आणि ज्याला सवडच नाही त्याला ती लेखनाच्या दाराबाहेर उभे करते.

गंमत अशी, की याच परंपरेच्या मुळाशी असलेले पुस्तक ही अट पाळत नाही. वरसईचे विष्णुभट गोडसे उत्तरेकडे निघाले ते देश पाहण्यासाठी नव्हे. घरी कर्ज होते आणि मथुरेला बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञात दक्षिणा मिळेल अशी आशा होती. १८५७ चे बंड त्यांच्या वाटेत आले. ते चालले, लुटले गेले, आणि परतताना खांद्यावर गंगेची कावड घेऊन आले. १९०७ साली छापलेला 'माझा प्रवास' आज आम्ही अभिमानाने नेमतो. पण ते पाठीवर ओझे आणि पोटाची काळजी घेऊन फिरलेल्या माणसाचे लेखन आहे, हे वर्गात ठासून सांगत नाही. गोडसे भटजींना सवड नव्हती. त्यांना गरज होती, आणि गरजेने डोळे उघडे राहिले होते.

असो. आमची गाडी सचखंड एक्स्प्रेस. नांदेडहून निघून पूर्णा, परभणी, सेलू, परतूर, जालना या आमच्या ओळखीच्या वाटेने ती मनमाडला जाते आणि तिथून उत्तरेकडे वळते. या गाडीत वाटेतल्या स्थानकांवर शीख सेवेकरी लंगरचे जेवण देतात. जाणकार प्रवासी आपापली भांडी सोबत ठेवतात. आम्ही डब्याचे झाकण पुढे केले. एकोणीस तारखेच्या दुपारी दिल्लीला उतरलो आणि स्थानकासमोरच्या पहाडगंजात एका लॉजवर पडलो. पाठीवर पिशवी टाकून स्वस्तात आशिया पालथा घालणारे गोरे तरुण अर्धशतकापासून याच गल्ल्यांत उतरत आलेले आहेत. आमच्या विद्यार्थ्याने त्यांच्या पिशव्या पाहिल्या आणि म्हणाला, "सर, यांच्या सॅका आपल्यापेक्षा मोठ्या, पण कामं काहीच नाहीत." प्रवासवर्णनाच्या समाजशास्त्रावर याहून नेमके विधान आम्ही एखाद्या शोधनिबंधात वाचल्याचे आठवत नाही.

सकाळी नवी दिल्ली स्थानकावरून मेट्रो धरायला गेलो. प्रयागराजच्या कुंभाची गर्दी अजून ओसरली नव्हती. पाचच दिवसांपूर्वी, १५ फेब्रुवारीच्या रात्री, याच स्थानकावर चेंगराचेंगरी होऊन अठरा माणसे गेली होती. तीही आमच्यासारखीच ओझी पाठीवर घेऊन निघालेली माणसे असणार. पोलीस गर्दीला वळण लावत होते आणि लोक पिशव्या छातीशी धरून निमूट पुढे सरकत होते. त्याच दिवशी रामलीला मैदानावर दिल्लीच्या नव्या मुख्यमंत्री रेखा गुप्ता यांचा शपथविधी होता, त्यामुळे त्या बाजूच्या रस्त्यांवर बंदोबस्त. राजधानी आपल्या कामात होती. एका दिवसाच्या पाहुण्याकडे तिचे लक्ष असण्याचे कारणच नव्हते.

लाल किल्ल्यात शिरलो तेव्हा ऊन कोवळे होते. शाहजहानने १६४८ च्या सुमारास पूर्ण केलेला हा किल्ला आज जेवढा दिसतो तेवढाच नव्हता; १८५७ नंतर इंग्रजांनी आतल्या बऱ्याचशा इमारती पाडून बराकी उभारल्या. म्हणजे आपण जे पाहतो ते उरलेले असते. छत्ता चौकातल्या दुकानांपुढून, नौबतखान्याखालून, दिवाण-ए-आम ओलांडून आम्ही दिवाण-ए-खासपाशी पोचलो. शेजारी एक मार्गदर्शक एका कुटुंबाला माहिती देत होता. मयूरासन १७३९ साली नादिरशहाने नेले, हे त्याने सांगितले. मग वर बोट करून तो सहज म्हणाला, "ये छत चाँदी की थी. मराठे उतार ले गये."

कुटुंबाने वर पाहिले. आम्हीही पाहिले. वर रंगवलेले लाकडी छत आहे, विसाव्या शतकाच्या आरंभीचे. आमच्या विद्यार्थ्याचा चेहरा उतरला. त्याने 'पानिपत' कादंबरी वाचलेली होती. हे त्याला नवे नव्हते. आम्ही तसे म्हणालो, तेव्हा तो म्हणाला, "वाचलेलं होतं सर. पण हे लोक ऐकू लागलेत ना, म्हणून कसंतरी झालं."

या 'कसंतरी'पाशी थांबणे आम्हाला आवश्यक वाटते. घटना ठाऊक असणे आणि ज्यांच्या शहरात ती घडली त्यांच्या शेजारी उभे राहून ती ऐकणे, यांत फरक आहे. ऑगस्ट १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी दिल्ली घेतली. फौजेचा खर्च भागत नव्हता, पैसा दक्षिणेतून येत नव्हता, म्हणून दिवाण-ए-खासचे चांदीचे छत काढून वितळवले गेले. सूरजमल जाटाला ते रुचले नाही, असे इतिहासकार सांगतात. नादिरशहा आणि अब्दाली यांनी त्याआधी दिल्ली किती लुटली होती, हे पाहता त्या छताचा हिशेब लहान ठरतो, आणि भुकेल्या फौजेच्या सेनापतीला पर्याय थोडे असतात, हेही खरे. पण हा युक्तिवाद आम्ही त्या कुटुंबापुढे केला नसता. त्यांच्या दृष्टीने नादिरशहाही आला होता आणि मराठेही.

आणखी एक गोष्ट. उदगीरला निजामाचा पराभव करून भाऊसाहेब उत्तरेच्या मोहिमेवर निघाले ते मार्च १७६० मध्ये परतूरहून. तेच परतूर, ज्याच्या फलाटावरून आमची गाडी दोन दिवसांपूर्वी गेली होती आणि खिडकीबाहेर पाहावे असे आम्हाला वाटले नव्हते. ती फौज आमच्याच शिवारांच्या बाजूने उत्तरेला गेली. वाटेतल्या गावांचे काय झाले, दाणावैरण कोणाच्या खळ्यावरून उचलली गेली, हे आमच्या गावांतल्या कोणी लिहून ठेवल्याचे आमच्या वाचनात नाही. छत उतरवणाऱ्यांत आम्ही आपल्याला धरायचे, की वैरण गमावणाऱ्यांत? अभिमानाच्या वेळी आपण पहिला पर्याय तत्काळ निवडतो. मग अपराधाच्या वेळी दुसरा निवडता येणार नाही.

इथे आम्हाला आपल्या भाषेकडे वळावेसे वाटते. मराठीत प्रवासाचा शब्दसंग्रह मोहिमांचा आहे. कोणी कुठे निघाला की त्याची 'स्वारी' निघते. परदेशी नाव कमावले की 'अटकेपार झेंडा' लागतो. 'मुलूखगिरी' हा शब्द तर परमुलखात शिरून खंडणी आणि लूट गोळा करण्याचा. तो आज आपण हौशी भटकंतीला बिनदिक्कत वापरतो. २०२३ साली राज्यगीत झालेल्या राजा बढ्यांच्या गीतातही दिल्लीचे तख्त आहेच. संमेलनासाठी पुण्याहून निघालेल्या खास गाडीला महादजी शिंद्यांचे नाव देण्यात आले. त्या नावाला आमचा आक्षेप नाही. शाहआलमला १७७२ मध्ये दिल्लीत परत आणून बसवण्यात महादजींचा वाटा मोठा होता, आणि ते स्वतः भक्तिपर पदे रचणारे कवी होते; तो शाहआलमही 'आफताब' या नावाने शेर लिहीत असे. साहित्याच्या गाडीला महादजींचे नाव देताना या पदांची आठवण तख्ताच्या आठवणीइतकीच व्हावी, एवढेच आमचे म्हणणे. ज्या भाषेत परक्या शहरी जाणे म्हणजे ते घेणे असाच वाक्प्रचार रुळलेला असतो, त्या भाषेतल्या प्रवाशाला पाहुणा होणे जड जाते.

दुपारी चांदणी चौकात गुरुद्वारा सीसगंजला गेलो. चपला जमा केल्या, डोक्याला रुमाल बांधला. १६७५ साली औरंगजेबाच्या हुकमाने गुरू तेगबहादुरांचा शिरच्छेद झाला तो या जागी. त्यांचे पुत्र गुरू गोविंदसिंग तेव्हा नऊ वर्षांचे होते, आणि १७०८ मध्ये त्यांचा अंत झाला तो आमच्या नांदेडला. ताडकळसच्या माणसाला नांदेडचा गुरुद्वारा दूरचा नाही. बाजारहाटाला, दवाखान्याला गेलेला माणूसही तिथे टेकून येतो. पण वडिलांची जागा दिल्लीत आणि मुलाची आपल्याकडे, ही गोष्ट आम्ही नकाशावर कधी जोडून पाहिली नव्हती. सचखंडची गाडी ती रोज जोडते. पंगतीत बसलो तेव्हा विद्यार्थी म्हणाला, "डाळ नांदेडसारखीच आहे." तीच डाळ, तीच 'परशादा' म्हणून हातावर येणारी पोळी. दिवसभरात आपल्याला परके न वाटलेले हे पहिले ठिकाण, आणि तिथे आपण जिंकलेले काहीही नव्हते.

तिथून जामा मशिदीच्या बाजूला. उर्दू पाट्यांनी भरलेल्या त्या गल्ल्यांत आम्ही दोघेही निरक्षर होतो. हा अनुभव नोंदवण्याजोगा आहे, कारण मराठवाड्यातल्या एका पिढीला तो आला नसता. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आमचा मुलूख निजामाच्या राज्यात होता; शिक्षणाची आणि कचेरीची भाषा उर्दू होती. तेव्हा शिकलेली म्हातारी माणसे आम्ही लहानपणी पाहिली आहेत. ती जमिनीचे जुने कागद उर्दूतून वाचून दाखवीत. उर्दू त्यांच्यावर लादली गेली होती, आणि मातृभाषेतून शिकण्यासाठी मराठवाड्याने दिलेला लढा न्याय्यच होता. पण लादलेली असली तरी विद्या ती विद्या. ती आम्ही सरसकट टाकून दिली. निलंग्याचे सेतुमाधवराव पगडी फारसी-उर्दू साधनांतून मराठी इतिहास उभा करू शकले ते त्या विद्येच्या बळावर. आज आमच्या विभागात ती साधने वाचू शकेल असा एकही अध्यापक नाही. त्यात आम्हीही आलो. बल्लीमारानच्या कासिमजान गल्लीत, गालिबच्या हवेलीत, आम्ही शेर पाहिले. वाचले ते देवनागरीतले तेवढे.

यात आणखी एक विसर आहे. ज्या वली दखनीचे दिवाण १७२० च्या सुमारास दिल्लीत पोचले आणि तिथल्या फारसीत रमलेल्या कवींना बोलभाषेत कविता करण्याची उमेद आली, तो औरंगाबादचा. दक्खनने दिल्लीला दिलेल्या या देण्यासाठी कोणाचे छत उतरवावे लागले नाही. आमच्या अभ्यासक्रमात मात्र वली नाही, कारण तो 'उर्दूवाल्यांचा' आहे.

पाय आता बोलू लागले होते. कुतुबमिनार सोडला, तुघलकाबाद सोडले, संग्रहालये सोडली. दिवसाचा शेवट निजामुद्दीनला केला. गुरुवार होता, कव्वालीचा दिवस, गर्दी उदंड. हजरत निजामुद्दीन औलिया आणि अमीर खुसरो, दोघेही १३२५ साली वारले आणि एकाच आवारात आहेत. पण या गुरूचा दुसरा कवी शिष्य इथे नाही. अमीर हसन सिज्जी हा खुसरोचा मित्र. १३२७ मध्ये मुहम्मद तुघलकाने राजधानी देवगिरीला हलवली तेव्हाच्या स्थलांतरात तो दक्षिणेत आला आणि वेरूळजवळच्या खुलताबादेत त्याची कबर आहे. एक मित्र दिल्लीत, दुसरा मराठवाड्यात.

याच हसनने गुरूच्या बैठकीतले बोलणे वेळोवेळी टिपून 'फवाइद-उल-फुआद' हा ग्रंथ सिद्ध केला, चौदाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी चक्रधरांच्या आठवणी माणसामाणसांकडून गोळा करून 'लीळाचरित्र' रचले होते. दोन परंपरा, दोन भाषा, परस्परांशी संबंध नाही. पण गुरूचे बोलणे जसेच्या तसे राखावे ही तळमळ तीच, आणि काळाचे अंतर एका पिढीचे. 'लीळाचरित्र' आम्ही अनेक वर्षे शिकवतो. दर वर्षी वेरूळला जाणारी सहल खुलताबादवरून जाते. ही तुलना आम्हाला सुचली ती दिल्लीत, गर्दीत, सॅक पोटाशी धरून उभे असताना. शहर आपल्याला काय दाखवते यापेक्षा आपण घरी काय पाहिले नाही हे दाखवते, असा तो अनुभव होता.

आता मूळ प्रश्नाकडे. एका दिवसात दिल्ली 'पाहिली' असे आम्ही म्हणणार नाही. आमच्या टिपेतला तेवढा भाग अजून खरा आहे. सवडीने राहणाऱ्याला जे दिसते ते आम्हाला दिसले नाही. दिल्लीतल्या एकाही माणसाशी आमचे दहा मिनिटांवर बोलणे झाले नाही, आणि कुठल्याही गल्लीचे रात्रीचे रूप आम्हाला ठाऊक नाही. पण त्यावरून लिहू नये असा निष्कर्ष काढणे चूक होते. लिहिताना काय पाहिले नाही हे सांगावे, ओझे किती होते आणि पैसे किती होते हे सांगावे, आणि आपण कुठून आलो ते विसरू नये, असा निष्कर्ष निघायला हवा होता. वाईट प्रवासवर्णन वाईट होते ते लेखकाचा मुक्काम छोटा असल्यामुळे नव्हे. आपल्या गावाबद्दल त्याला काही प्रश्नच नसतात म्हणून. महिनाभर राहूनही जंत्रीच लिहिणारे लेखक आपल्याकडे कमी नाहीत.

परतल्यावर आम्ही विद्यार्थ्याला चार पानांचे प्रवासवर्णन लिहायला सांगितले. पहिली तीन पाने टिपेबरहुकूम होती: किल्ला कोणी बांधला, मशीद केवढी, मेट्रो किती स्वच्छ. चौथ्या पानावर मात्र त्याचे वाक्य होते, "दिवाण-ए-खासचे छत आम्ही काढून नेले." सवयीने आमचा लाल पेन उचलला गेला आणि 'आम्ही' खोडून तिथे 'मराठ्यांनी' असे लिहिले गेले. इतिहासाच्या दृष्टीने दुरुस्ती बरोबरच आहे. १७६० साली हा मुलगा नव्हता, त्याचे कोणी त्या फौजेत होते याचा पुरावा नाही. पण याच वर्गात 'आम्ही अटकेपार झेंडे लावले' हे वाक्य आजवर शेकडो वेळा आले असेल, आणि त्यातल्या 'आम्ही'ला आमचा लाल पेन कधी लागला नव्हता.

दुरुस्ती खोडून मूळ शब्द आम्ही परत लिहिला. पुढच्या वर्षीपासून टीपही बदलणार आहोत.